अलास्कातली लाकडी चर्चं : केनाई, निनिलचिक, सिटका

निनिलचिकच्या टेकडीवर पोहोचलो तेव्हा तिथल्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चला कुलूप होतं. मग आम्ही दोघं बाहेरच तासभर रेंगाळलो. पांढऱ्या भिंती, हिरवं छप्पर, वर पाच छोटे सोनेरी घुमट. भोवती दफनभूमी, थडग्यांना पांढरी लाकडी कुंपणं आणि तीन आडपट्ट्यांचे क्रूस, त्यातली खालची पट्टी तिरकी. कुंपणांच्या फटींतून फायरवीडची गुलाबी फुलं डोकावत होती. समोर कुक इनलेट या खाडीचं पाणी आणि पलीकडे रिडाउट नि इलियाम्ना हे बर्फाळ ज्वालामुखी.

रशियन अमलाच्या खुणा बघायला जातोय, असंच निघताना डोक्यात होतं. सालं बघितली आणि चूक लक्षात आली. रशियाने अलास्का १८६७ मध्ये अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकून टाकलं. हे चर्च १९०१चं. केनाईचं आणि अल्यूशियन बेटांवरच्या उनालास्काचं, दोन्ही १८९६ला पूर्ण झालेली. राज्यकर्ते निघून गेल्यावर तीस-तीस वर्षांनी इथल्याच लोकांनी ती उभी केली! कुणी सक्ती करायला उरलंच नव्हतं.

या श्रद्धेची मुळं मात्र आधीची आहेत. १७९४ला रशियातल्या वालाम मठातले साधू अलास्कातल्या कोडियाक बेटावर आले. १८२४ला उनालास्काला आलेले फादर व्हेनिअमिनोव्ह स्वतः सुतारकाम नि घड्याळदुरुस्ती जाणणारे. त्यांनी स्थानिकांना हाताशी धरून चर्च बांधलं आणि इव्हान पान्कोव्ह या उनांगन (तिथले मूळ रहिवासी) प्रमुखाच्या मदतीने उनांगन भाषेसाठी लिपी तयार केली. प्रार्थना आपल्या बोलीत आली, की देव परका राहत नाही.

केनाईत मोठ्या चर्चपेक्षा मला १९०६चं सेंट निकोलसचं छोटं चॅपल जास्त भावलं. रंगरंगोटी नाही, नुसते तासलेले ओंडके, कोपऱ्यांवर एकमेकांत घट्ट बसवलेले. मी त्या सांध्यावरून हात फिरवला. कुऱ्हाडीचे घाव अजून बोटांना लागतात. हे चॅपल इगुमेन (मठाधिपती) निकोलाय यांच्या समाधीवर बांधलंय. त्यांनी इथल्या लोकांना देवीची लस टोचली होती.

अँकरेजहून केनाई गाडीने अंदाजे अडीचशे किलोमीटर, तिथून निनिलचिक आणखी सत्तरेक. जून ते ऑगस्टमध्येच जा. उजेड रात्री उशिरापर्यंत असतो, घाई करू नका. दारं एरवी बंद असतात, म्हणून उपासनेच्या वेळा आधी विचारून घ्या. आत बाकं नसतात, उभंच राहायचं. देवचित्रांच्या भिंतीपलीकडचा भाग आपल्या गाभाऱ्यासारखा, तिकडे पाऊल टाकू नये. फोटोआधी परवानगी घ्या आणि थडग्यांवरून चालू नका. लोक आजही तिथेच पुरले जातात.

सिटकाला रस्ता नाही, विमान नाहीतर फेरीबोट. १८४८चं सेंट मायकल कॅथेड्रल २ जानेवारी १९६६ला जळालं. त्या रात्री गावकऱ्यांनी, ऑर्थोडॉक्स पंथाचे नसलेल्यांनीसुद्धा, हातोहात देवचित्रं बाहेर काढली. आजची इमारत हुबेहूब असली तरी आगीच्या धास्तीने काँक्रीट-पोलादात बांधलेली. आत दिसतात ती चित्रं मात्र त्या रात्री वाचवलेली. क्रूझची गर्दी यायच्या आत, सकाळीच जा. मूळ लाकूड बघायचं असेल तर जवळच १८४३चं बिशप हाउस आहे, फिनिश सुतारांनी बांधलेलं. त्यासाठी निदान दोन तास हाताशी ठेवा.