गरम टबातले, गार टबातले: माझा टॅडपोलचा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, घेतले तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरात आजीचा पहिला प्रश्न, "हे घरात ठेवणारेस?" ठेवले. कारण लॅबचा एसी रात्री बंद करतात आणि मला एक टब एसीत सतत २२ डिग्रीवर हवा होता. दुसरा हीटर लावून ३० वर.

अंडी वाघोडिया रोडकडच्या एका रिकाम्या प्लॉटमधल्या डबक्यातून आणली, जुलैचा मोठा पाऊस नुकताच होऊन गेलेला (विश्वामित्रीच्या काठाला मी जाणार नव्हतेच, तिथे मगरी). भेकाची (टोडची) अंडी ओळखायला सोपी, जेलीच्या लांब दोऱ्यात काळे मणी ओवल्यासारखी. पाणी नळाचंच, पण दिवसभर बादलीत उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं, खायला उकडलेला पालक. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून त्या टबात गर्दी मुद्दाम कमी ठेवली आणि मग दुसऱ्यातली पण तेवढीच करावी लागली, नाहीतर तुलना कशाची?

मला वाटत होतं गरमवाले भराभर वाढतायत म्हणजे मोठेही तेच होणार. २६व्या दिवशी त्यांचे पुढचे पाय फुटले, टॅडपोलच्या वाढीच्या पायऱ्या मांडणाऱ्या गोस्नरच्या तक्त्यातली ४२वी पायरी, आणि एसीवाले अजून नुसते शेपटी हलवत फिरतायत, माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या जरा धीर धर.

इथेच माझी चूक झाली. पुढचे पाय आले की कल्ले जातात, फुप्फुसावर भागवायचं असतं, टेकायला दगड लागतो. मी ठेवलाच नव्हता. सकाळी चार तरंगत होते. पालकही तसाच पडलेला, कारण शेपूट विरघळत असते तेव्हा ते खात नाहीत, शेपटीवरच जगतात. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

एसीवाले ४१व्या दिवशी निघाले. ग्राफ पेपरवर काचेची डिश ठेवून वरून फोटो काढले, मापं त्यावरूनच घेतली, गरमवाले साधारण ८ मिलिमीटर, गारवाले १०. उष्णतेने वाढ आणि रूपांतर दोन्हींचा वेग वाढतो, पण रूपांतराचा जास्त, म्हणून अंग भरायच्या आधीच पाय फुटून बेडूक तयार. थायरॉइडचं हॉर्मोन हे सगळं घडवतं, आणि त्याचं काम गरमीत लवकर उरकतं असं मला समजलं.

मागच्या पायाची लांबी अंगाच्या मानाने बदलते का तेही मोजलं, पण फरक एवढा बारीक आला की तो तापमानाचा की माझ्या हाताचा, सांगता येईना. रिपोर्टात तसंच लिहिलं. व्हायवाला त्यावरच पंधरा मिनिटं गेली.

आजी मात्र दोन्ही डबे बघून आधीच म्हणाली होती, "गारातल्यांनी बाळसं धरलंय गं."