आमची वाटचाल : इंजिन, ड्राइव्ह आणि पंखा

आमचं वर्कशॉप रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदरापासून जवळच. बाबांनी सुरू केलं तेव्हा काम एकच होतं, मच्छीमारी लाँचचं इंजिन खोलायचं, बांधायचं आणि शाफ्टला (पंखा फिरवणाऱ्या दांड्याला) जोडून द्यायचं. लाँचचं गणित वेगळं असतं. बोट जड, जाळं ओढायचं, म्हणून गिअरबॉक्सचा रेशो तीनला एक नाहीतर चारला एक (म्हणजे इंजिनचे तीन-चार फेरे झाले की पंख्याचा एक), खाली मोठा पंखा म्हणजे प्रोपेलर आणि तो सावकाश फिरणारा. बाबा कागदावर काही लिहायचे नाहीत, पण नवीन नाखवा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "पंखा केवढा बसतोय खाली?" इंजिन किती एचपीचं ते नंतर. मला तेव्हा ते उलटं वाटायचं. आज गिऱ्हाईक आलं की मी पण तेच विचारतो.

मी डिप्लोमा करून आलो तोवर किनाऱ्यावर स्पीडबोटी वाढायला लागल्या होत्या. मुंबई-मांडवा-अलिबागकडच्या खाजगी बोटी, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी, बऱ्याच आउटबोर्डवर (मागे बाहेर टांगलेल्या इंजिनवर) पण काहींना आत इंजिन आणि मागे स्टर्नड्राइव्ह. म्हणजे इंजिन बोटीच्या आत अगदी मागच्या फळीला टेकून आणि फळीच्या बाहेर आउटबोर्डच्या पायासारखा पाय, जो वळतो पण आणि वर उचलता पण येतो. व्होल्वो पेंटाने 1959 ला हा प्रकार बाजारात आणला आणि आज जगभर चालतो, पण आमच्याकडे तेव्हा तो नीट खोलून बसवणारं कोणी नव्हतं, म्हणून म्हटलं आपण शिकूया.

शिकलो पण मोठी फी भरून. मुंबईच्या एका शेठची 24 फुटी बोट आली, आत 260 एचपीचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, व्ही-एट. पेट्रोलचा खर्च परवडत नव्हता म्हणून डिझेल बसवायचं होतं. त्यांनी स्वतःच 220 एचपीचं डिझेल इंजिन आणलं आणि म्हणाले जुना ड्राइव्ह चांगला आहे तोच ठेवा. मी म्हटलं 40 एचपी कमीच झाले की, ड्राइव्हला काय त्रास होणार, आणि काम घेतलं.

चूक नेमकी इथे झाली. एचपी म्हणजे टॉर्क (शाफ्ट पिळण्याचा जोर) गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे), त्याला एका ठरलेल्या आकड्याने भागून. पेट्रोल इंजिन 260 एचपी देत होतं 4600 आरपीएमला, तिथे टॉर्क येतो साधारण 400 न्यूटन मीटर. डिझेल 220 एचपी देतं 3400 ला, म्हणजे टॉर्क 460 च्या वर, आणि अजून खालच्या आरपीएमला तर त्याहून जास्त. गिअरचे दात एचपीने तुटत नाहीत, टॉर्कने तुटतात. त्यात ड्राइव्हचा रेशो दीड, म्हणजे पूर्वी पंखा तीन हजाराच्या वर फिरायचा तो आता 2270 च्या आसपास आला, बोट हळू वाटायला लागली म्हणून मी 17 पिचचा पंखा काढून 21 पिचचा लावला (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढे इंच पुढे जातो ते). म्हणजे आधीच जास्त टॉर्क आणि त्यावर आणखी ओझं मीच घातलं. तिसऱ्या महिन्यात भर समुद्रात वरच्या गिअरचे दात गेले. बोटीत शेठची मुलं होती. सुदैवाने वारा नव्हता, एका लाँचने ओढून आणलं.

बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसे आपण भरायचे." डिझेलच्या टॉर्कसाठी बनवलेला, पुढे-मागे दोन पंखे उलटसुलट फिरवणारा ड्राइव्ह आमच्या खिशातून आणला, त्यासाठी काढलेलं कर्ज फेडायला दोन सीझन गेले. शेठ अजून आमच्याकडेच बोट आणतात, त्याचं मला खूप मोल आहे.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये नियम केला की आधी वही, मग पाना. बोटीचं वजन भरलेल्या अवस्थेत किती (म्हणजे डिझेल, पाणी, माणसं, सामान सगळं धरून, नाहीतर लोक रिकाम्या बोटीचं वजन सांगतात), वेग किती हवा, पाणी किती खोल, बोट रोज पाण्यात राहणार की ट्रेलरवर. मग पंख्याचे आरपीएम काढायचे आणि पिचने गुणून 1215 ने भागायचं, की नॉटमध्ये (तासाला किती सागरी मैल) वेग येतो. पिच इंचात धरायचा. हा कागदावरचा वेग, त्यातून पाण्यातली घसर वजा, हलक्या बोटीला दहा-पंधरा टक्के आणि जड बोटीला पंचवीसच्या आसपास सुद्धा. हे जुळलं की मगच रेशो ठरतो, आणि रेशो ठरला की कुठला ड्राइव्ह ते बघायचं.

सेकंडहँड ड्राइव्ह आणणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो. बाहेरून एकसारखे दिसणारे दोन पाय असतात, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे, पण एक चार सिलिंडरसाठी असतो त्याचा रेशो दोनच्या आसपास आणि दुसरा व्ही-एटसाठी, त्याचा दीडच्या आसपास. स्टिकर खाऱ्या पाण्याने कधीच गेलेला असतो. आम्ही वरच्या शाफ्टला आणि पंख्याला खडूने खूण करतो, गिअर टाकतो आणि पंख्याचे दहा फेरे होईपर्यंत वरचे फेरे मोजतो. पंधरा आले तर दीड, वीस आले तर दोन. दहा मिनिटांचं काम आहे पण त्यावर लाखभर रुपये वाचलेले मी बघितलेत.

आता कुठल्या बोटीला काय, यावर माझं मत स्पष्ट आहे. बोट खाजगी, वेग हवा आणि वापर झाला की वर काढणार असाल तर स्टर्नड्राइव्ह उत्तम. पण रोज प्रवासी नेणारी, बारा महिने पाण्यात असणारी बोट असेल तर मी सरळ शाफ्ट आणि गिअरबॉक्सच सांगतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. स्टर्नड्राइव्हचा पाय अॅल्युमिनियमचा, खाऱ्या पाण्यात सतत बुडलेला, शेवाळ आणि शिंपल्या धरतात, अॅनोड (पायाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) वेळेवर बदलला नाही की पाय झिजायला लागतो. (अॅनोड पण खाऱ्या पाण्याचा हवा, गोड्या पाण्यातला मॅग्नेशियमचा लावला तर बघता बघता संपतो.) पाय फळीला जोडतो तिथला घड्यांचा रबरी बेलो फाटला तर पाणी थेट बोटीत. खाडीत दर भरतीला वाळूचा दांडा सरकतो तिथे जेट (पाणी आत खेचून मागे जोरात फेकणारा पंप) चांगला, खाली पंखाच नाही. न्यूझीलंडच्या हॅमिल्टननी उथळ नद्यांसाठीच तो विकसित केला, पण आपल्या खाड्यांत प्लास्टिक आणि तुटलेली जाळी इतकी आहेत की पाणी आत घेणाऱ्या तोंडावरच्या गजांवर कचरा बसला की संपलं, आणि जेट इंजिनच्या पॉवरला जुळवून घ्यावा लागतो, मागाहून पंखा बदलून चालवता येत नाही.

मागच्या सीझनला 28 फुटी प्रवासी बोट केली. डिझेल 200 एचपी, 3600 आरपीएमचं, गिअरबॉक्स दोनला एक, चार पात्यांचा पंखा. मालकाला स्टर्नड्राइव्ह हवा होता, तीन वेळा बसून समजावलं. शाफ्टचं अलाइनमेंट (गिअरबॉक्सशी सरळ रेषेत जुळवणं) आम्ही बोट पाण्यात सोडल्यावरच करतो कारण वर ठेवलेल्या बोटीचा आकार पाण्यात थोडा बदलतो, चार इंची कपलिंगला (दोघांना जोडणाऱ्या चकत्यांना) फीलर गेजने चार थाउच्या, म्हणजे इंचाच्या चार हजारांशांच्या आत फरक. पहिल्या ट्रायलला पूर्ण माणसं बसवून फुल थ्रॉटल दिला तर इंजिन 3250 ला अडकलं आणि काळा धूर. मालक म्हणाले चालतंय की, कशाला परत वर काढता. मी ऐकलं नाही. इंजिन आपल्या ठरलेल्या आरपीएमला पोचत नसेल तर ते दिवसभर ओझ्याखाली असतं, एक-दोन वर्षांत हेड तरी जाईल नाहीतर टर्बो. पिच 21 चा 19 करून आणला, परत बसवला.

दुसऱ्या ट्रायलला बाबा स्वतः आले, आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. भाट्याच्या खाडीतून बाहेर पडलो, सगळी माणसं बसलेली, टाकी भरलेली. मी टॅको (आरपीएमचा काटा) बघत होतो, ते मागे बसून फेस बघत होते. काटा 3640 ला गेला, धूर नाही, जीपीएसवर 21 नॉट. मी मागे वळून बघितलं तर बाबांनी हात वर केला, म्हणजे थांबव, झालं. येताना त्यांनी सुकाणू मागितलं आणि जेटीपर्यंत त्यांनीच आणली.

आता पावसाळ्याआधी तीन बोटी वर काढायच्या आहेत, त्यातल्या एकीचा ड्राइव्ह सेकंडहँड आलाय आणि त्याचे फेरे अजून मोजायचे आहेत.