तुम्ही विचारलंत म्हणून : खिडकीतलं हसू

"ताई, सकाळपासून एवढी रांग, कोण ओरडतंय, कोण मधे घुसतंय, तरी तुम्ही हसून कशा काय बोलता?" सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर मी 17 वर्षं बसते आहे. महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी हे विचारतं. मागे माणसं खोळंबलेली असतात, म्हणून मी नुसती हसते आणि पुढचं नाव विचारते. आज जरा सवडीनं सांगते.

2019च्या जानेवारीत एका सकाळी दात घासून गुळणी करायला गेले आणि पाणी तोंडात राहीना, डावीकडून गळायला लागलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरलेली. डावा डोळा मिटत नव्हता. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, लकवा. आम्ही तसेच धावलो. डॉक्टरांनी हातापायांतली ताकद पाहिली, बोलायला लावलं, मग म्हणाले, "भुवया वर करा." उजव्या कपाळाला आठ्या पडल्या, डावं कपाळ सपाटच राहिलं. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळ हलतं, इथं तेही हलत नव्हतं. म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता, चेहऱ्याच्या नसेत होता. बेल्स पाल्सी. ही नस कानामागच्या हाडातल्या अगदी अरुंद बोगद्यातून येते, तिला सूज आली की तिथंच आवळली जाते. सासूबाई आजही म्हणतात की एसटीत खिडकीशी बसून वारं लागलं. मी वाद घालत नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाचं तोंड असं वाकडं झालं तर तेल चोळत घरी बसू नका. तो झटका आहे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर नस पूर्ण बरी होण्याची शक्यता वाढते.

पंधरा दिवसांनी कामावर रुजू झाले. माझे प्रश्न रोजचेच होते. नाव काय, वय किती, गाव कुठलं, आधी इथं दाखवलंय का. आवाजही तोच. पण माणसं बदलली. उत्तरं तुटक यायला लागली, रांगेतला आवाज चढायला लागला. एक म्हातारी आजी तर वय सांगताना अडखळली आणि एकदम हात जोडून म्हणाली, "चुकलं का वं माजं कायतरी, बाई?" तिला धीर द्यावा म्हणून मी हसायला गेले. उजवा ओठ वर गेला, डावा तिथंच लोंबत राहिला. ते हसू नव्हतं, कुणी तुच्छतेनं ओठ मुरडावा तसं काहीतरी झालं होतं. आजीनं मान खाली घातली. त्या दिवसापासून मी रुमाल तोंडाशी धरून बोलायला लागले.

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं माझं अर्धं काम ते हसू करत होतं. खिडकीशी येणारा माणूस आजारी असतो, घाबरलेला असतो, बऱ्याचदा उधारीवर गाडीभाडं काढून आलेला असतो. समोरच्या बाईनं आपल्याला माणूस म्हणून पाहिलं की नाही, एवढंच तो पहिल्या क्षणात शोधतो. "वय किती" हा प्रश्न हसून विचारला तर चौकशी असते, कोऱ्या चेहऱ्यानं विचारला तर उलटतपासणी होते.

आणि माझं स्वतःचं? धाकट्याला चित्रकलेत बक्षीस मिळालं, तो धावत आला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत थबकला. मला आनंद झाला होता, पण त्या आनंदाला बाहेर पडायची वाटच सापडेना. संध्याकाळपर्यंत माझ्यातलाही विझला.

फिजिओथेरपीला जात होते तिथल्या मॅडम गालावर मशीन लावायच्या, बारीक करंटनं स्नायू उडायचा. त्यांनीच एकदा ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरांची गोष्ट सांगितली. पॅरिसमध्ये त्यांनी असाच विजेचा प्रवाह चेहऱ्यावर लावून कुठला स्नायू काय करतो ते शोधलं आणि 1862 साली त्यावर पुस्तक काढलं. ओठांचे कोपरे आपण ठरवून वर ओढू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानंच आवळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. 2020मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा मला त्यांची आठवण व्हायची. ओठ दिसत नव्हते, तरी कोण हसतंय ते डोळ्यांच्या कडांवरून कळत होतं.

आरशासमोर रोज मुद्दाम हसायचं हाही व्यायामच होता. सुरुवातीला ते नाटक वाटायचं, पण पाचएक मिनिटांनी मन थोडं हलकं व्हायचं. पुढे 2022मध्ये 19 देशांतल्या 3,878 लोकांवरच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली तरी माणसाला थोडं बरं वाटतं असं त्यात आढळलं. थोडंच, हे महत्त्वाचं. हसल्यानं दुखणी पळतात असं कुणी सांगितलं तर मी मानत नाही, मी रोज रांग पाहते.

आणि मी सगळ्यांना पाहून हसत नाही. घरचं माणूस गेल्यावर कागद न्यायला आलेल्याशी हसायचं नसतं, त्याच्याकडे नीट बघून हळू बोलायचं असतं. लहानपणी मला "दात काय काढतेस" म्हणून दटावलं गेलं आणि नोकरीत "जरा हसत जा" म्हणून. दोन्ही मला सारखंच लागलं. हसू मागून घ्यायची गोष्ट नव्हे, म्हणून नव्यानं आलेल्या मुलींना मी ते कधीच सांगत नाही. त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली भरून ठेवते आणि दुपारी जेवायला वेळेवर सोडते.

चेहरा परत यायला तीन महिने लागले. नसेची एखादी तार चुकीच्या जागी जुळली असावी, कारण मी हसले की डावा डोळा अजून थोडा बारीक होतो. एक आजोबा दर महिन्याला बीपीच्या गोळ्यांसाठी येतात. त्या तीन महिन्यांत ते कागद पुढे करायचे आणि गप उभे राहायचे. एप्रिलमध्ये मी रुमाल बाजूला ठेवून त्यांना नाव विचारलं. ते जरा वेळ बघत राहिले, मग खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून म्हणाले, "आज नाव सांगतो, पण आधी सांगा, बऱ्या झालात न्हवं?" मागची रांग ओरडत होती. मी त्यांचा केसपेपर लिहायच्या आधी त्यांना सगळं सांगितलं.