समोरच्या वकिलाबरोबरचा चहा

“मॅडम, तुम्ही त्यांच्या वकिलाबरोबर हसत हसत चहा कसा पिता?”

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मी प्रॅक्टिस करते आणि हा प्रश्न मला घटस्फोटाच्या कलमांपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. कुणी तोंडावर विचारतं, कुणी आईकरवी. एका अशिलाच्या मामांनी तर सरळ ‘सेटिंग’ हा शब्दच वापरला. मला राग आला नाही. ज्या माणसाशी तुमचं बोलणं बंद आहे, त्याचा वकील तुमच्या वकिलाच्या बशीतलं बिस्कीट उचलताना दिसला तर पोटात कालवणारच.

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

खरं म्हणजे या कोर्टात आम्ही पाहुणेच. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातल्या कलम १३ प्रमाणे इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, म्हणून वकालतनाम्याबरोबर परवानगीचा अर्जही द्यावा लागतो. वकील आले की भांडण वाढतं, ही भीती त्यामागे असावी. अगदीच खोटी नव्हे. सुरुवातीची काही वर्षं मीही तशीच होते. समोरच्याच्या प्रत्येक मुदतीच्या अर्जाला कडाडून हरकत, साध्या नोटिशीला चार पानी उत्तर. अशील खूश असायचे. तारखा मात्र वाढत जायच्या.

आता चहावर काय चालतं ते ऐका. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सांगितल्यापासून, पोटगीचा वाद असला की दोघांनीही आपली मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर मांडायची असतात. नवऱ्याच्या शपथपत्रात पगार असतो, पीएफ नसतो. बायकोच्या शपथपत्रात ‘गृहिणी’ असतं, शिकवण्या नसतात. हे कोर्टात उकरायचं तर कागद मागवायचा अर्ज, त्यावर म्हणणं, मग युक्तिवाद. यात महिने जातात. टेबलावर मी एवढंच म्हणते, “वकीलसाहेब, तुमच्या माणसाचा पीएफ राहिला वाटतं.” ते चहा ढवळत म्हणतात, “आणि तुमच्या बाईंच्या शिकवण्या?” (शिकवण्यांचं मलाही तेव्हाच कळलेलं असतं.) पुढच्या तारखेला दोन्हीकडची दुरुस्त शपथपत्रं दाखल होतात.

न बोलल्याने काय होतं, तेही मी करून पाहिलंय. एका प्रकरणात समोरच्या वकिलांशी माझा अबोला होता, मसुदे फक्त ईमेलने जात-येत. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीने ठरलेल्या अटींच्या कागदात, मी लिहिलं, ‘दिवाळीच्या सुट्टीचे निम्मे दिवस मुलगी वडिलांकडे राहील.’ सह्या झाल्या, हुकूमनामा झाला, दिवाळी आली. निम्मे म्हणजे कुठले? भाऊबीज कुणाकडे? चुलतभाऊ वडिलांच्या घरी, मामेभाऊ आईच्या, आणि पोरीला दोघांनाही ओवाळायचं. ऐन वसुबारसेला आई-वडील दोघंही पोलीस चौकीत बसले होते. ते वाक्य माझं होतं.

तेव्हापासून आम्ही दोघे वकील मध्ये चहा ठेवून कालनिर्णय उघडतो. सम वर्षी लक्ष्मीपूजनापर्यंत आईकडे, पाडवा-भाऊबीज वडिलांकडे. विषम वर्षी उलट. किती वाजता, सोसायटीच्या कुठल्या गेटशी, बरोबर दप्तर आणि दम्याचा पंप. हसू येतं असल्या बारकाव्यांचं, पण पुढची दहा वर्षं त्या पोराला त्या कागदाप्रमाणे राहायचं असतं.

‘म्युच्युअल’, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट, करू म्हणणाऱ्यांनाही हेच सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये अर्जानंतर सहा महिने थांबायला सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ते माफ होऊ शकतात, पण त्यासाठी पोटगी, मुलांचा ताबा वगैरे खरोखर मिटलेलं दाखवावं लागतं. ते थोडं समुपदेशकांच्या खोलीत मिटतं, बरंचसं या टेबलावर. शेवटचा होकार मात्र अशिलाचाच. त्याने विश्वासाने सांगितलेलं काही त्या टेबलावर येत नाही.

आणि सगळंच चहावर सुटत नाही. मारहाण असेल तर मी आधी २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मागते, बोलणी नंतर, तीही अशिलाला हवी असतील तर. शिवाय सकाळी बिस्कीट वाटून खाल्लेल्या याच गृहस्थांनी दुपारी माझ्या अशिलाची अशी उलटतपासणी घेतली आहे की ती बाहेर येऊन रडली. पुढच्या तारखेला त्यांच्या अशिलाला मी रुमाल काढायला लावला. त्या दिवशीही चहा झालाच, फक्त जरा गप्पगप्प.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “चहाचे पैसे कोण देतं?”

“आळीपाळीने,” मी म्हटलं.

“आणि परवा कुणाची पाळी होती?”