शेणालेंडीचे विसरलेले इंग्रजी शब्द

इंग्रजीत एके काळी जवळजवळ प्रत्येक रानटी जनावराच्या विष्ठेला स्वतंत्र नाव होते आणि ही नावे मला फार मोलाची वाटतात, कारण ती कोणाच्या हौसेतून नव्हे, तर रोजच्या कामाच्या गरजेतून घडलेली आहेत.

हरणाच्या लेंड्या म्हणजे ‘फ्यूमेट्स’, रानडुकराची विष्ठा ‘लेसेस’, सशाची ‘क्रॉटल्स’. राजेरजवाड्यांच्या शिकारीत माग काढणारा सेवक पहाटे रानातून फ्यूमेट्स वेचून शिंगात भरून आणी आणि त्या निरखून नर केवढा आहे, पाठलागाच्या लायकीचा आहे की नाही, हे ठरवले जाई. १५७५ साली छापलेल्या शिकारीवरील एका इंग्रजी ग्रंथात राणी पहिल्या एलिझाबेथपुढे हा ऐवज सादर होत असल्याचे चित्रच आहे. तशी शिकार संपली आणि तिचे शब्दही मागे पडले.

गुरांच्या वाळवलेल्या शेणाचे जळण उत्तर इंग्लंडात ‘केसिंग्ज’ म्हणून ओळखले जाई. आमच्या कोकणातल्या शेणी त्याच जातीच्या. मात्र माझे मन अधिक रेंगाळते ते ‘टॅथ’ या शब्दापाशी. पूर्व इंग्लंडातल्या नॉर्फक परगण्याच्या हलक्या, रेताड जमिनीत रात्री मेंढ्या कोंडून मिळणारे खत म्हणजे टॅथ, आणि मध्ययुगात कुळांच्या मेंढ्या आपल्याच शेतात बसाव्यात, असा हक्क तिथले अनेक जमीनदार बजावत असत. आमच्याकडे भातकापणीनंतर घाटावरून उतरणाऱ्या धनगरांच्या मेंढ्या शेतकरी आपल्या मळ्यात बसवून घेत आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे देत. खताचे मोल कळपाच्या धन्याला मिळावे, ही आमची रीत मला अधिक न्याय्य वाटते.

या सगळ्यांत आजही कामात असलेला शब्द म्हणजे पाणमांजराच्या विष्ठेचा ‘स्प्रेंट’. पाणमांजर सहसा दिसत नाही, पण आपल्या हद्दीतल्या ठळक दगडांवर ते पुन्हापुन्हा विष्ठा टाकते, आणि तिच्यातील माशांची खवले, काटे व खेकड्यांच्या कवचांचे तुकडे पाहून त्याचा वावर आणि आहार ओळखता येतो. म्हणूनच सिंधुदुर्गातल्या खाड्यांच्या आणि नद्यांच्या काठी पाणमांजरांचा शोध घेणारे अभ्यासकही आधी स्प्रेंटच शोधतात.