काट्यावरचा नाकतोडा

रविवार, ५ ऑक्टोबर

साडेसहाला भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला लागलो तेव्हाच शर्ट पाठीला चिकटला होता. खाडीला ओहोटी, चिखलात बगळे, तारेवर वेड्या राघूंची रांग. लवकर परतून दळण टाकायचं होतं म्हणून अर्ध्यातूनच वळलो आणि सुक्या बाभळीच्या शेंड्यावर खाटीक दिसला, भक्ष्य काट्याला टोचून ठेवणारा पक्षी.

खाटीक इथे नवा नाही, पण हा लहानखुरा. डोळ्यामागे काळ्याऐवजी तपकिरी पट्टा, छातीवर आणि पाठीवरही खवल्यांसारखी बारीक नक्षी. म्हणजे यंदाच्याच विणीचं पिल्लू. आली का पंचाईत! मोठे खाटीक लांबूनही ओळखू येतात, या वयात सगळे एकाच शाळेच्या गणवेशात. कोवळ्या उन्हात शेपटी तांबूस वाटली, म्हणून वहीत ‘ब्राऊन श्राइक’ (श्राइक म्हणजे खाटीकच) लिहून मोकळा झालो. तो हिवाळ्यात सायबेरियाकडून येतोच.

दुपारी फोटो मोठे करून बघितले. सावलीतल्या फोटोत तीच शेपटी गडद तपकिरी, कडेला पांढरी रेघ! गोरेगावच्या काकांना फोटो पाठवले, मुद्दामच माझा अंदाज न सांगता. त्यांचा लगेच फोन. “शेपटीचा रंग सोड रे, ऊन फसवतं. पंख बघ.”

मिटलेल्या पंखावर आखूड पिसांच्या पुढे लांब पिसांची टोकं किती बाहेर येतात, ते बघायचं. ब्राऊनची थोडीशीच येतात. इथे चांगली लांबलचक येत होती. मी सात मोजली, पुन्हा मोजली तर सहा, मग चष्मा पुसून पुन्हा सात. शिवाय इसाबेलाइन, म्हणजे खाटकाचीच दुसरी जात, म्हणावं तर पाठीवर एवढी नक्षी नको, आणि शेपटी लालसर हवी. उरला तिसरा खाटीक, रेड-बॅक्ड.

युरोप आणि पश्चिम आशियातून आफ्रिकेला जाणारा हा पाहुणा. जाताना कच्छात थांबतो, सप्टेंबरात तिथे त्याला बघायला लोक मुद्दाम जातात. मुंबई त्या वाटेच्या बरीच दक्षिणेला. मी हे बोलून दाखवल्यावर काका हसले. “१९३० साली सलीम अलींना अलिबागजवळच्या किहीमला हायपोकोलियस मिळाला होता. इराक-इराणकडचा पक्षी तो. त्याचं तरी तिथे काय काम होतं?”

खरं सांगायचं तर फोन ठेवल्यापासून मला प्रत्येक फोटोत रेड-बॅक्डच दिसतोय. सकाळी तोच पक्षी ब्राऊन दिसत होता. म्हणून नोंद टाकताना सावलीतला आणि पंखाचा, दोन्ही फोटो जोडले. दुसऱ्या कुणीतरी टोकं मोजलेली बरी.

सोमवार, ६ ऑक्टोबर

ऑफिसच्या आधी पुन्हा जाऊन आलो. शेंड्यावर कोतवाल बसला होता. खालच्या फांदीवर, काट्याला अर्धा नाकतोडा टोचलेला; एक तंगडी शाबूत, बाकीच्याला मुंग्या लागलेल्या. कालच्याच खाटकाचा असेल असं नाही. फोटो काढला तरी.

दळण आजही राहिलं.