अठ्ठावीस लिटर

गोव्यातल्या आश्वेच्या किनाऱ्यावर मी सर्फिंग शिकवतो आणि फुटलेले बोर्ड दुरुस्त करतो. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातला सावंतवाडीहून एक ताई आल्या. वय ४३, शाळेत गणित शिकवतात, पोहायला लहानपणी विहिरीत शिकलेल्या. गाडीच्या टपावर जुन्या चादरीत गुंडाळलेला बोर्ड होता.

"बोर्ड माझाच आहे, दादा. फक्त उभं राहायला शिकवा."

चादर काढली तर आत पांढरा, सहा फुटी, टोकदार बोर्ड. जुना, पण घासूनपुसून चकचकीत केलेला. आपल्या उंचीपेक्षा थोडा मोठा घ्यायचा, असं विकणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. हे ऐकलं की मला राग येतो. पैसे साठवून आलेल्या नवख्या माणसाला वजन किती, हे कुणी विचारतच नाही.

बोर्ड उलटा केला. मधल्या लाकडी पट्टीजवळ पेन्सिलीने २८ लिहिलेलं होतं. "हे लिटर," मी म्हणालो, "बोर्डाचं आकारमान."

त्या थांबल्या. "म्हणजे अख्खा बुडाला तरी २८ किलोच उचलणार? त्यात याचं स्वतःचं वजन तीनेक किलो. माझं ६८. मग उरलेली मी पाण्यातच की!"

इतक्या वर्षांत हे मला कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मुरलेला सर्फर एवढ्याशा बोर्डावर उभा राहतो, कारण वेग आला की पाणीच बोर्डाला वर उचलून धरतं. पण तो वेग आधी हातांनी वल्हवून आणावा लागतो. जानेवारीत आमच्याकडे लाट गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. ती बुडत्या बोर्डाला ढकलत नाही, खालून निघून जाते.

तरी आधी त्यांच्याच बोर्डावर नेलं. स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही, असं माझं मत आहे. छाती पाण्यात, कोपरं पाण्यात. जरा मागे सरकल्या की बोर्ड जागीच थांबायचा, पुढे सरकल्या की बोर्डाचं नाक बुडून त्या डोक्यावरून पलीकडे. चाळीस मिनिटांत एकही लाट मिळाली नाही. तक्रार मात्र एकदाही केली नाही.

मग आमचा आठ फुटी निळा फोमचा बोर्ड दिला. सुमारे ७० लिटर, वरून मऊ, फिन, म्हणजे शेपटीखालचा पंखा, तोही मऊ. रविवारी किनाऱ्यावर लहान मुलं असतात. सुटलेल्या बोर्डाचं टणक टोक कुणाच्या डोळ्याला लागलं तर काय, हा विचार मी उंचीच्याही आधी करतो. पहिल्या काही लाटांना मी शेपटीकडून ढकललं, पुढच्या त्यांनी स्वतः वल्हवून पकडल्या. अकराव्या लाटेच्या फेसात त्या उभ्या राहिल्या. गुडघे वाकलेले, नजर पायांकडे नाही, समोर किनाऱ्यावर. बोर्ड वाळूला टेकेपर्यंत उतरल्याच नाहीत. मी पाण्यातूनच ओरडलो.

परत येताना त्यांचा बोर्ड उचलला तर हाताला जड लागला. फिनच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. अंगठ्याने दाबताच पाण्याचा थेंब आला. आतला फोम बरेच दिवस पाणी पीत असणार. हे मी पाण्यात नेण्यापूर्वी तपासायला हवं होतं. दुरुस्तीचं काम करणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. त्यांना तसं सांगितलं आणि दुरुस्तीचे पैसे घेणार नाही म्हणालो.

"मग घेऊ कुठला?" त्यांनी विचारलं.

"आत्ता कुठलाच नको. दहा वेळा भाड्याने घ्या. मग आठ फुटांच्या आसपासचा, फोमचाच, जुना चालेल. पण चीर, फुगवटा, फिनचं बूड हाताने चाचपून बघा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, साधारण बोर्डाएवढी लांब. आणि घरी नेताना उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, वरचा थर सुटतो."

त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तो पांढरा बोर्ड माझ्या शेडमध्ये शेपटी खाली करून उभा आहे. चीर मोठी करून ठेवली आहे. आतून पूर्ण सुकल्याशिवाय रेझिन लावणार नाही. ताई दर रविवारी येतात, आधी त्याच्या खालची ताटली बघतात आणि मग निळा बोर्ड उचलतात. गेल्या रविवारी ताटली कोरडी होती.

"आता लावायचं का?" त्यांनी विचारलं.

"अजून आठवडाभर राहू द्या," मी म्हटलं.